आंजर्ले ते केळशी सायकलने : निघण्याआधी वाचा

आमच्याकडून सायकल भाड्याने घेताना बहुतेकजण आधी गिअर किती ते विचारतात. आम्ही आधी तिथी विचारतो. केळशीच्या पुळणीवर सायकल चालते ती फक्त ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास पुळण मोकळी. एकादशीला भरती सव्वाआठला. त्या दिवशी जेवून निघालात तरी चालेल. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं मागे हटत नाही. तेव्हा डांबरी रस्ताच बरा.

तो रस्ता पाडले, आडे, उटंबर करत जातो. उटंबरच्या चढाला बरेचजण उतरून ढकलतात, त्यात लाज कसली! फक्त गिअर चढाआधीच हलका करा. भर चढात जोर लावून बदललात तर चेन उतरते.

केळशीच्या सुरूच्या बनात वाट कोरड्या वाळूची आहे, वर सुरूच्या काड्यांचा थर. दिसतो मऊ, पण वळणावर चाक सरकतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या किनाऱ्यावरची पुष्कळ झाडं आडवी झाली, त्यामुळे खोडं-मुळं बघून चालवा. टायरची हवा आम्ही थोडी कमी ठेवतो. परतताना डांबरीला लागलात की भरून घ्या. पंप सीटमागच्या पिशवीत आहे.

भारजा नदीच्या मुखाशी वाळूची मोठी टेकडी आहे. तिच्या थरांत जुनी खापरं आणि नाणी सापडली. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला. ती त्सुनामीच्या लाटेने उभी राहिली, असं त्यांचं मत. टेकडीवर सायकल नेऊ नका. जांभळ्या फुलांची मर्यादवेल ही वाळू धरून ठेवते. ती तुटली की वारा वाळू उडवायला मोकळा.

नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत भरतीरेषेच्या वरची वाळूही वर्ज्य. ऑलिव्ह रिडले कासवं तिथेच अंडी घालतात, आणि प्रत्येक घरट्याला जाळी असतेच असं नाही.

समुद्रात सायकल उभी करून फोटो काढू नका. काढलात तर निदान परत देताना सांगा. बेअरिंग त्याच संध्याकाळी उघडून गोड्या पाण्याने धुवावे लागतात.