लाईट आल्यावर वायफायची पेटी वेळ का लावते?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक (नव्या आवृत्तीसोबत)

उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ज्या कारखान्यांत आमची पेटी मशीनचं रीडिंग वायफायवरून ऑफिसात पोचवते, तिथून सध्या एकच प्रश्न येतोय: आधी पेटी पटकन जोडली जायची, आता मिनिटभर पिवळा दिवा का लुकलुकतो? हा बिघाड नाही. आम्हीच तिला सावकाश केलंय.

पेटीत लिनक्स (पेटी चालवणारी मूळ प्रणाली) आहे आणि वायफायची चिप वेगळी आहे. त्या चिपला स्वतःचा छोटा प्रोसेसर आणि स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतच चालणारा प्रोग्रॅम, असतं. लिनक्समधला ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा प्रोग्रॅम, तिला एकेक कमांड देतो: देश कोणता (कुठली चॅनल चालतात ते देशावर ठरतं), चॅनल म्हणजे लहरींची पट्टी कोणती, कुठल्या राऊटरला जोडायचं, निरोप कुलूपबंद करायची किल्ली कोणती. कमांड रांगेत टाकली की ड्रायव्हरचं काम क्षणात संपतं, चिपचं मात्र तेव्हा सुरू होतं. गुऱ्हाळावर काहिलीत भेंडीचं पाणी ओतलं म्हणजे मळी निघाली असं कुणी म्हणत नाही. ती वर आलेली दिसली की गुळव्या पुढं हात घालतो. आमच्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती मळी वर यायची वाटच बघत नव्हती. चूक आमचीच होती.

एरवी हे खपून जायचं. पण एका फौंड्रीत लाईट गेली-आली की पेटी हमखास अडकायची. लॉग (पेटीनं काय काय केलं याची नोंद) उघडला तर ‘डिव्हाइस बिझी’, म्हणजे ‘चिप कामात आहे’. चिप आसपासचे राऊटर शोधत एकेका चॅनलवर फिरत होती आणि तेवढ्यात आम्ही तिला चॅनल बदलायला सांगत होतो. तिनं नकार दिला, आमच्या प्रोग्रॅमनं तो नकार वाचलाच नाही आणि पुढच्या कमांडी रेटत राहिला.

देशाच्या कमांडीचंही तसंच. भारतात 2.4 गिगाहर्ट्झवर 1 ते 13 चॅनल वापरता येतात. पण देश सांगेपर्यंत लिनक्स सावध नियम लावतं: 12 आणि 13 वर फक्त ऐकायचं, स्वतःहून बोलायचं नाही. त्यामुळं देशाच्या आधी चॅनल सांगितलं, तर 13 वरचा राऊटर शेजारी असूनही पेटीला सापडेलच याचा भरवसा नाही. (तुमचा राऊटर 13 वर असेल तर 1, 6 किंवा 11 वर आणा. परदेशातून आणलेली काही उपकरणं 11 च्या पुढं जातच नाहीत.)

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ‘पासवर्ड चुकीचा’ या तक्रारीनं. पासवर्ड तर बरोबर असायचा! जोडणी होताना राऊटर आणि पेटी यांच्यात चार निरोप जातात आणि चौथा निरोप गेल्यावर पेटीनं किल्ली लावायची असते. निरोप एका वाटेनं जायचा, किल्ली लावायची कमांड दुसऱ्या; कधीकधी किल्ली पुढं पोचायची. मग चौथा निरोप कुलूपबंद होऊन निघायचा. राऊटरनं अजून स्वतःची किल्ली लावलेली नसल्यामुळं तो त्याला उघडता यायचा नाही. मग राऊटर तिसरा निरोप पुन्हा पाठवायचा आणि शेवटी जोडणी तोडायचा. आता दोन्ही गोष्टी एकाच वाटेनं, एकामागं एक जातात. तीच किल्ली दुसऱ्यांदा लावणंही बंद केलंय. 2017 साली ‘क्रॅक’ नावानं गाजलेली वायफायची त्रुटी त्यातूनच आली होती.

आता प्रत्येक कमांडीला चिपचं उत्तर येईपर्यंत पेटी थांबते. उत्तर आलंच नाही, तर चिप बंद करून पहिल्यापासून सुरुवात करते. मधूनच पुढं चालू ठेवत नाही, कारण चिप कुठवर आली होती हे तेव्हा सांगता येत नाही. म्हणून पिवळा दिवा लुकलुकत असताना प्लग काढू नका. घाईनं काढला की तेवढा वेळ पुन्हा पहिल्यापासून जातो.

सेटिंग बदलताना ‘जतन करा’ एकदाच दाबा आणि पानावर ‘लागू झालं’ दिसेपर्यंत थांबा. दहादा दाबलंत तर दहा बदल रांगेत लागतील. वायफायचा पासवर्ड बदलायचा असेल तर आधी पेटीत नवा पासवर्ड टाका, मग राऊटरमध्ये. उलट केलंत तर पेटी जुन्या पासवर्डनं दार ठोठावत बसेल आणि तुम्हाला वायर घेऊन शेडवर चढावं लागेल. आमच्याच माणसाकडून हे एकदा झालंय, तेही भर मे महिन्यात.

पाच मिनिटांनंतरही दिवा हिरवा झाला नाही तर आम्हाला फोन करा आणि दिवा पिवळा लुकलुकतोय की लाल स्थिर आहे, एवढं सांगा. मागचं रीसेटचं बटण तेवढं दाबू नका. त्यानं लॉग पुसला जातो आणि चिप कुठल्या कमांडीवर अडली ते आम्हाला कळत नाही.