प्रश्नावली छापण्याआधी बायकांना बोलवा

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठं संशोधन सुरू झालं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ समूह, चार गटांत वाटलेले. एचपीव्ही म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू; त्याची चाचणी एकदाच केलेल्या गटात पुढे ३४ जणी या रोगाने दगावल्या. ज्या गटासाठी तपासणी मोहीम नव्हती, तिथे ६४. दोन्ही गट जवळपास सारख्याच संख्येचे. २००९ साली हे आकडे प्रसिद्ध झाले आणि जगभर वापरले गेले.

टीकाही झाली. तुलनेच्या गटाला फक्त माहिती आणि नेहमीची सेवा, हे न्याय्य होतं का? वाद अजून मिटलेला नाही. आमच्या मते असा प्रश्न आराखडा कागदावर असतानाच गावातल्या बायकांपुढे ठेवायला हवा. गट पडल्यावर त्यांचं मत विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं.

२०१९ च्या औषध-चाचणी नियमांनुसार संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात जण लागतात आणि त्यांत एक सामान्य नागरिक असतो. पण तो रुग्ण असेलच असं नाही, मजूर तर क्वचितच. म्हणून वेगळा सल्लागार गट हवा: आठ-दहा बायका. त्यांत उपचार घेतलेल्या असाव्यात आणि तपासणीला नकार दिलेल्याही. नकार देणारी बाई सगळ्यांत जास्त शिकवते, आणि नेमकी तीच यादीतून गळते. एकटी रुग्णप्रतिनिधी डॉक्टरांच्या बैठकीत बोलत नाही. निदान तिघी एकत्र बसवा. बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं त्याच दिवशी रोख द्या. बिल मागितलंत तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही.

या गटापुढे पहिल्यांदा संमतिपत्र मोठ्याने वाचा. ‘गर्भाशयग्रीवा’ कोणालाच कळत नाही. ‘पिशवीचं तोंड’ कळतं. ‘योनिस्राव’ नव्हे, ‘अंगावरून पांढरं जाणं’. मात्र इथे एक खाच आहे. मराठवाड्यात, विशेषतः ऊसतोड कामगारांत, पिशवी काढलेल्या बायका बऱ्याच. ‘पिशवीची तपासणी’ ऐकून त्यांतली एखादी म्हणेल, मला काय गरज? आणि पिशवी शाबूत असलेलीला वाटेल, आता ही काढायला लावणार. दोघींसाठी वेगवेगळं वाक्य लागतं, आणि ते त्यांनीच सुचवलेलं बरं.

पाठपुराव्याची तारीखही त्यांनाच विचारा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात, मार्च-एप्रिलला परततात. जानेवारीत दारात गेलात तर कुलूप. नोंदीत ‘संपर्क तुटला’ लिहिलं जातं आणि ज्यांना धोका जास्त असू शकतो, त्याच हिशेबातून बाहेर पडतात. मग निष्कर्ष गावात राहिलेल्यांचा निघतो आणि लागू सगळ्यांना होतो.

निकाल कळवणं तर त्याहून नाजूक. नोंदवलेला मोबाईल बहुधा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. एचपीव्ही सापडणं म्हणजे कर्करोग नव्हे, बहुतेकींच्या शरीरातून हा विषाणू आपोआप जातो. पण तो शरीरसंबंधातून पसरतो, एवढंच घरात कळलं तर संशय बाईवर येतो. त्यामुळे संदेशात फक्त ‘केंद्रात येऊन भेटा’ असावं, तेही तिने निवडलेल्या नंबरवर, आणि खुलासा समोरासमोर आशाताईंनी किंवा नर्सबाईंनी करावा. तो नंबर विचारायचा रकाना संमतिपत्रातच छापून घ्या.