किनारा कुणाचा, पब कुणाचा: ट्राउटच्या नदीकाठच्या इंग्लिश पबांची पार्श्वभूमी

रेडिंग, बेसिंगस्टोक, स्लाव या भागांत राहणारी बरीच मराठी कुटुंबं उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी हॅम्पशायरच्या टेस्ट आणि इचेन नद्यांकडे वळतात. स्टॉकब्रिजच्या मुख्य रस्त्याखालून टेस्ट अनेक फाट्यांनी वाहते. कठड्यावरून वाकून पाहिलं की वाहत्या पाण्यात एका जागी स्थिर राहिलेले ट्राउट दिसतात. जवळच पब असतो. त्याचं छत बुटकं, फरशी दगडी, भिंतीवर फुगीर काचेच्या पेटीत पेंढा भरलेला ट्राउट आणि काचेवर सोनेरी अक्षरांत त्याचं वजन आणि पकडल्याची तारीख. हे सगळं शेकडो वर्षं असंच चालत आलं असावं, असं पाहणाऱ्याला वाटतं. इमारत खरोखर जुनी असते. पण तिथे कोणती बिअर मिळते, किती वाजेपर्यंत मिळते, आतल्या माणसाचं पोट त्या धंद्यावर भरतं की नाही आणि समोरच्या नदीत आपल्याला फ्लाय (किड्यासारखा दिसणारा कृत्रिम गळ) टाकता येते की नाही, हे बहुतांशी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या कायद्यांनी आणि खरेदी-विक्रीने ठरवलं. त्यात १९८९ च्या एका निर्णयाचा वाटा सर्वात मोठा, म्हणून त्यावर इथे जास्त लिहितो.

आधीचा इतिहास थोडक्यात. १५५२ मध्ये एल (बिअरचा एक प्रकार) विकायला दोन न्यायाधीशांचा परवाना सक्तीचा झाला. १८३० मध्ये दोन गिन्या भरणाऱ्या कुणाही करदात्याला घरात बिअर विकायची मुभा मिळाली आणि गावोगाव बिअरची दुकानं निघाली. १८६९ मध्ये लगाम पुन्हा न्यायाधीशांच्या हाती गेला. स्टॉकब्रिजला ट्राउटच्या शौकिनांआधी वेल्सहून गुरं हाकत येणारे लोक मुक्काम करत. तिथल्या ‘ड्रोव्हर्स हाउस’च्या भिंतीवर आजही वेल्श भाषेत पाटी आहे: मुरलेलं गवत, चविष्ट चारा, चांगली बिअर आणि सुखाची झोप. म्हणजे नदीकाठचा हा धंदा मुळात गुरांमुळे आणि वाटसरूंमुळे उभा राहिला.

मासेमारीसाठी येणारा श्रीमंत पाहुणा नंतरचा. १८२२ मध्ये मोजक्या सदस्यांचा एक क्लब इथे निघाला, टेस्टचा मोठा पट्टा त्याच्या ताब्यात आला आणि स्टॉकब्रिजच्या ग्रोव्हनर हॉटेलात वरच्या मजल्यावर त्याच्या बैठका भरू लागल्या. १८६५ मध्ये जुन्या कालव्याच्या मार्गाने रेल्वे आली, तेव्हा लंडनच्या माणसालाही ही नदी जवळची झाली. फ्लाय पाण्यावर तरंगती ठेवून, प्रवाहाच्या वरच्या दिशेलाच टाकायची ही शिस्त याच खोऱ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पक्की झाली. पुढे पाण्याखाली निंफ (किड्याच्या पिल्लासारखी बुडणारी फ्लाय) चालवावी की नाही यावर तिथले जाणकार कित्येक दशकं भांडले.

पण पबाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा हक्काचा आहे. इंग्लंडमध्ये भरती-ओहोटी पोहोचत नाही अशा नदीत मासे धरण्याचा हक्क सहसा काठाच्या जमीनमालकाचा असतो, बहुधा पात्राच्या मध्यापर्यंत. हा हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकता येतो किंवा भाड्याने देता येतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नोंदलेले असतात, तसा हा जमिनीवर बसलेला वेगळा हक्क समजा. सरकारी रॉड लायसन्स (गळाच्या काठीचा परवाना) १३ वर्षं आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाला लागतंच, पण त्याने नदीत उतरण्याची परवानगी मिळत नाही. ती मालकाकडूनच घ्यावी लागते.

चॉकच्या (खडूसारख्या मऊ चुनखडीच्या) थरातून झिरपून येणारं पाणी वर्षभर साधारण १० अंशांच्या आसपास बाहेर पडतं आणि काचेसारखं नितळ असतं. अशा नद्या जगात फार थोड्या, आणि त्यातल्या बहुतेक इंग्लंडमध्ये. त्यामुळे टेस्टवर मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला, मेफ्लाय नावाचे किडे निघतात त्या दिवसांत, एका दिवसाच्या तिकिटाला शेकडो पौंड पडतात. साध्या माणसाला मासेमारीसाठी पाणी मिळायचं ते इनमुळे, म्हणजे मुक्कामाच्या खोल्या असलेल्या पबामुळे. इनच्या मालकाकडे काठाचा एखादा पट्टा असे, किंवा शेजारच्या इस्टेटीकडून तो भाड्याने घेतलेला असे. खोली घेणाऱ्याला रॉड टाकता येत असे.

डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या सीमेवर लिफ्टन गावात अशी एक नामांकित इन आहे. टेमार आणि तिच्या उपनद्यांवर तिच्याकडे सुमारे २० मैलांचं पाणी आहे. तिथे जुन्या काळी कोंबड्यांच्या झुंजी व्हायच्या त्या गोल इमारतीत पुढे रॉड आणि बूट ठेवायची खोली झाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका बाईंनी ती इन घेतली आणि फ्लाय-फिशिंग शिकवण्याचे वर्ग चालवून तिला नाव मिळवून दिलं. इमारत आणि पाणी एका हातात राहिलं तर काय होऊ शकतं, याचं मला दिसलेलं हे सर्वात चांगलं उदाहरण.

दुसरा मोठा घटक घड्याळ. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार दुपारी शुद्धीवर राहावेत म्हणून १९१५ मध्ये पबांच्या वेळा कापल्या गेल्या आणि दुपारची बंदी आली. युद्ध १९१८ मध्ये संपलं. दुपारची बंदी मात्र १९२१ च्या कायद्याने कायम केली आणि ती १९८८ पर्यंत टिकली. रविवारची दुपार खुली व्हायला तर १९९५ उजाडलं. त्याच युद्धात, १९१६ मध्ये, उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची पद्धत आली.

या दोन गोष्टींचा नदीकाठी एकत्र परिणाम झाला. जूनमध्ये हॅम्पशायरात सूर्य आता सव्वानऊनंतर मावळू लागला. ट्राउट संध्याकाळी वर येऊन किडे टिपतात तेही त्याच सुमारास. ज्याचा दिवस खरा नऊनंतर रंगणार, त्याच्यासाठी पब दहा-साडेदहाला बंद. पेला संपवायला १९६१ पासून १० मिनिटं आणि १९८८ पासून २० मिनिटं अधिकृतपणे मिळू लागली. मुक्कामी पाहुण्याला ही वेळ लागू नव्हती. त्याला बंद दाराआड पेय देता येत असे. रॉड घेऊन येणारा माणूस इनमध्येच खोली का घ्यायचा, याचं निम्मं उत्तर या सवलतीत आहे.

१९६० चं दशक या पबांना फार कठीण गेलं. १९६४ मध्ये स्टॉकब्रिजची रेल्वे बंद झाली. तिच्या मार्गाच्या काही भागावरून आता ‘टेस्ट वे’ ही पायवाट जाते. १९६७ च्या ऑक्टोबरात श्वासाची चाचणी सुरू झाली, म्हणजे ट्रेनही नाही आणि पिऊन गाडीही नाही. हा कायदा योग्यच होता. पण गावापासून दूर, नदीच्या वळणावर उभ्या असलेल्या पबाचं गिऱ्हाईक त्यामुळे कायमचं घटलं.

त्याच काळात मोठ्या ब्रुअऱ्यांनी लहान ब्रुअऱ्या गिळल्या, जिवंत कास्क बिअर (पिंपातच मुरत राहणारी) काढून तिथे गाळलेली, वायू भरलेली, थंडगार केग बिअर आणली. कास्क बिअर तळघरात साधारण ११ ते १३ अंशांवर सांभाळावी लागते आणि पिंप फोडल्यावर काही दिवसांत संपवावी लागते. त्यासाठी रोज लक्ष घालणारा माणूस हवा. केगला तेवढं लक्ष लागत नाही. १९७१ मध्ये चार तरुणांनी त्याविरुद्ध ग्राहकांची मोहीम सुरू केली. आज हॅम्पशायरच्या पबात हॅन्डपंप ओढून पाइंट भरला जातो, त्याचं श्रेय मी आधी त्या मोहिमेला देतो.

आता १९८९. तोवर ब्रुअऱ्याच पबांच्या मालक होत्या. पब भाड्याने चालवणाऱ्याने बिअर मालकाकडूनच, मालकाच्या भावाने घ्यायची, या अटीला ‘टाय’ म्हणतात. बदल्यात भाडं कमी असे, दुरुस्तीत हातभार लागत असे आणि थोड्या भांडवलावर घर मिळत असे. मक्तेदारीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने मार्च १९८९ मध्ये अहवाल दिला. सहा ब्रुअऱ्या देशातली सुमारे ७५ टक्के बिअर बनवतात, टायमुळे स्पर्धा मरते आणि भाव चढतात, असं त्यात म्हटलं होतं. कोणत्याही ब्रुअरीकडे २,००० पेक्षा जास्त पब नसावेत, ही मुख्य शिफारस.

ब्रुअऱ्यांनी जोरदार प्रचार केला: गावातला पब मरेल, इंग्लंडचा चेहरा पुसला जाईल. मंत्र्यांनी आधी शिफारशी स्वीकारण्याकडे कल दाखवला आणि उन्हाळ्यात माघार घेतली. तडजोड अशी निघाली: २,००० च्या वरचे जितके पब असतील त्यांपैकी निम्मे १ नोव्हेंबर १९९२ पर्यंत टायमधून मोकळे करायचे. म्हणजे ७,००० पब असलेल्या ब्रुअरीने ५,००० पैकी २,५०० सोडायचे. शिवाय १ मे १९९० पासून मोठ्या ब्रुअऱ्यांच्या भाडेकरूला बाहेरची एक कास्क बिअर ठेवता येऊ लागली.

दुसऱ्या तरतुदीचा गावातल्या पबाला खरा फायदा झाला. रिंगवुडला १९७८ मध्ये सुरू झालेल्या ब्रुअरीसारख्या छोट्या उत्पादकांना बंद दारं थोडी उघडली. पहिल्या तरतुदीचं मात्र वाटोळं झालं. मर्यादा बिअर बनवणाऱ्या मालकावर होती. बिअर न बनवता नुसते पब बाळगणाऱ्या कंपनीवर काहीच बंधन नव्हतं. ही फट आयोगाच्या मूळ शिफारशीतही होती, त्यामुळे सगळा दोष तडजोडीच्या माथी मारणं बरोबर नाही. ब्रुअऱ्यांनी सोडलेले पब नव्या कंपन्यांनी गठ्ठ्याने उचलले. काही ठिकाणी तर एका बड्या गटाने ब्रुअऱ्या दिल्या, दुसऱ्याने पब दिले आणि दोघांनी मिळून पब-कंपनी काढली. एका टप्प्यावर दोन कंपन्यांकडे प्रत्येकी आठ हजारांहून जास्त पब होते. कायदा आणताना कोणत्याही ब्रुअरीकडे इतके नव्हते. २००३ मध्ये १९८९ च्या तडजोडीचा तो आदेशच रद्द झाला, कारण ज्यांच्यासाठी तो होता त्या ब्रुअऱ्यांकडे आता पबांचे मोठे ताफे उरलेच नव्हते.

भाडेकरू आगीतून फुफाट्यात पडला. जुन्या मालकाला पब चालू राहण्यात रस होता, कारण त्याची बिअर तिथे खपायची. नव्या मालकाने पब कर्ज काढून घेतले होते आणि येणारं भाडं त्या कर्जाला तारण होतं. टाय तसाच राहिला, भाडं वाढलं आणि बिअरचा भाव बाजारापेक्षा चढा. धंदा बसला तर इमारत घर म्हणून विकता येत होती. नदीकाठच्या इमारतीला घर म्हणून जी किंमत येते ती पब म्हणून कधीच येत नाही, त्यामुळे टेस्ट आणि इचेनच्या काठी हा धोका इतर ठिकाणांपेक्षा जास्त. सत्यासाठी दुसरी बाजूही सांगायला हवी: टाय पूर्ण काढला असता तर प्रादेशिक, एकाच घराण्याच्या हाती असलेल्या छोट्या ब्रुअऱ्यांचा हक्काचा खप गेला असता आणि या खोऱ्यांतले कितीतरी पब त्यांचेच आहेत. तरीही पब चालवणाऱ्या कुटुंबांची जी दैना झाली, तिची जबाबदारी झटकता येणार नाही. मालकीची व्याख्या करताना सरकारने त्या कुटुंबांचा विचारच केला नाही.

पुढचे बदल वेगाने आले. पबांनी ताटाकडे मोर्चा वळवला, कारण बिअरवर नफा उरत नव्हता. १९९५ पर्यंत १४ वर्षांखालच्या मुलांना बारच्या खोलीत मज्जाव होता. तो सैल झाल्यावरच कुटुंबं येऊ लागली. जेवणाच्या यादीतलं पाव, चीज आणि लोणच्याचं ‘प्लाउमन्स लंच’ प्राचीन वाटतं. त्याचा प्रसार मात्र १९५० आणि ६० च्या दशकांत चीजचा खप वाढवण्यासाठी झाला. ताटातला ट्राउटही समोरच्या नदीतला नसतो. तो बहुधा शेततळ्यातला रेनबो, मूळचा उत्तर अमेरिकेतला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात आणलेला. २००५ मध्ये वेळांचं बंधन लवचिक झालं, १ जुलै २००७ पासून धूम्रपान बंद झालं, २०११ च्या कायद्याने गावकऱ्यांना पबाची नोंद करून त्याच्या विक्रीवर सहा महिन्यांची स्थगिती मिळवायचा मार्ग दिला. २०१७ पासून पब पाडायला किंवा दुसऱ्या वापरात न्यायला नियोजन परवानगी लागते.

मालकीची साखळी मात्र ढिली होतच राहिली. हॅम्पशायरच्या हॉर्नडीनमधली जुनी ब्रुअरी २००५ मध्ये लंडनच्या ब्रुअरीने घेतली आणि पुढच्याच वर्षी तिथली भट्टी बंद झाली. २०१९ मध्ये त्या लंडनच्या ब्रुअरीने बिअर बनवायचा धंदा जपानी कंपनीला विकला आणि पब स्वतःकडे ठेवले. रिंगवुडची ब्रुअरी २००७ मध्ये मोठ्या कंपनीकडे गेली आणि २०२४ मध्ये बंद पडली.

भाडेकरूंची बाजू संसदेत मान्य झाली ती २०१४ च्या नोव्हेंबरात. सरकारचा विरोध डावलून खासदारांनी मतदान केलं आणि २१ जुलै २०१६ पासून पब संहिता लागू झाली. भाडं वाढवताना किंवा करार नूतन करताना भाडेकरू टाय सोडून नुसत्या बाजारभावाच्या भाड्याची मागणी करू शकतो. पण ही संहिता टाय असलेले ५०० किंवा त्याहून जास्त पब बाळगणाऱ्या कंपन्यांनाच बांधते. टेस्ट-इचेनच्या खोऱ्यांतल्या बऱ्याच पबांचे मालक प्रादेशिक आहेत, त्यांच्याकडच्या पबांची संख्या त्या आकड्याच्या खाली आहे आणि त्यांच्या भाडेकरूंना हा हक्क आजही मिळालेला नाही.