श्वान प्रजननाची नोंदणी: कोणाला लागते, अर्ज कुठे करायचा, कागदपत्रं कोणती?

घरात लॅब्रॅडॉरची मादी आहे, वर्षाला एकदा पिल्लं होतात, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकले की आठवडाभरात सगळी जातात. असं करणारी बरीच मंडळी स्वतःला ब्रीडर म्हणवून घेत नाहीत. कायद्याच्या लेखी मात्र तुम्ही ब्रीडरच आहात. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या आधारे केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये श्वान प्रजनन व विपणन नियम लागू केले. पिल्लं काढून विकण्यासाठी जातिवंत कुत्री पाळणारा प्रत्येक जण, मग तो एकटा असो वा चार जणांचा गट, त्यांत येतो. कुत्री सांभाळायला ठेवून घेणारे बोर्डिंगवाले, मधले दलाल आणि व्यापारी यांचीही गणना ब्रीडरमध्येच केली आहे. त्यामुळे 'मी फक्त ओळख करून देतो, पैसे ते घेतात' ही सबब चालत नाही. लातूर-सोलापूरकडे कारवान आणि पश्मी या देशी शिकारी जातींची कुत्री पाळणारी घराणी आहेत. पिल्लं विकायची असतील तर त्यांनीही हा नियम आपल्याला लागू आहे असंच धरून चालावं.

अर्ज कुठे करायचा?

नोंदणी देण्याचा अधिकार राज्य प्राणी कल्याण मंडळाला आहे. महाराष्ट्रात मंडळाचा कारभार पुण्यात औंधला पशुसंवर्धन आयुक्तालयातून चालतो. पण सुरुवात आपल्या जिल्ह्याच्या पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयातून करावी. अर्जाचा नमुना, पैसे कसे भरायचे आणि सोबत काय जोडायचं ते तिथेच कळतं. फी ५,००० रुपये आहे आणि अर्ज फेटाळला गेला तरी ती परत मिळत नाही. दोन ठिकाणी कुत्री ठेवत असाल तर दोन्ही जागांसाठी वेगळे अर्ज करावे लागतात.

अर्ज गेला की मंडळाने नेमलेलं पथक जागा बघायला येतं. कागद कितीही चोख असले तरी खरी परीक्षा या भेटीत होते. पिंजऱ्यात कुत्र्याला ताठ उभं राहता येतं का, फिरून वळता येतं का, पाय पसरून झोपता येतं का? फरशी कोरडी आहे का, हवा खेळते का, उन्हाळ्यात सावली आणि थंडीत ऊब आहे का? व्यालेली मादी आणि तिची पिल्लं बाकीच्या कुत्र्यांपासून वेगळी ठेवली आहेत का, आजारी कुत्र्याला स्वतंत्र जागा आहे का, रोज मोकळं फिरवायला कोणी आहे का? फ्लॅटच्या बाल्कनीत एकावर एक रचलेल्या तीन पिंजऱ्यांना यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. अशा जागेसाठी अर्ज करण्याऐवजी हा धंदा बंद केलेलाच बरा.

सोबत काय तयार ठेवावं?

ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा तर लागतोच. जागेसाठी घरपट्टीची पावती, सातबारा किंवा भाडेकरार काढून ठेवा. शहरात असाल तर शॉप अॅक्टचा दाखला आणि महापालिकेचा कुत्र्याचा परवाना, गावात असाल तर ग्रामपंचायतीचा दाखला जवळ असू द्या. जागेचा साधा नकाशा आणि पिंजऱ्यांचे फोटो जोडले तर तपासणी सोपी जाते. सगळ्यात जास्त वेळ खाते ती कुत्र्यांची यादी. प्रत्येक कुत्र्याची जात, नर की मादी, जन्मतारीख, लसीकरण, जंतनाशकाच्या तारखा आणि मायक्रोचिपचा नंबर त्यात हवा. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, पशुवैद्यक ती खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सुईने बसवतात आणि स्कॅनर फिरवला की पंधरा अंकी नंबर दिसतो. अर्जाआधी हे काम उरकून घ्या, नाहीतर यादी अर्धवट राहते आणि फाइल टेबलावर पडून राहते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. केनेल क्लब ऑफ इंडिया या खासगी संस्थेचे पेपर म्हणजे सरकारी नोंदणी, असं विकणारे सर्रास सांगतात. तसं नाही. त्या पेपरात पिल्लाची वंशावळ असते. मादीला कसं ठेवलंय, याची हमी तो कागद देत नाही. मंडळाचं प्रमाणपत्र वेगळं, महापालिकेचा परवाना वेगळा आणि एक आहे म्हणून दुसरं माफ होत नाही.

मादीसाठीचे नियम

माझ्या मते या सगळ्या नियमावलीचा जीव इथे आहे. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, गाभण राहिली की जवळपास ६३ दिवसांत विते. पिल्लांचा कारखाना चालवणारे तिला एकही माज मोकळा जाऊ देत नाहीत. अशी मादी जवळून बघा. आचळं लोंबून कोरडी पडलेली, पाठीवरचे केस विरळ, तारेच्या जाळीवर उभं राहून पावलांच्या गाद्यांना चिरा गेलेल्या, नखं वाढून आत वळलेली. वय विचारलं तर पाच वर्षं, दिसते बाराची. तिची पिल्लं शोकेसमध्ये रिबीन बांधून बसतात आणि ती कोणाला दिसत नाही.

म्हणून नियम सांगतो: मादी किमान १८ महिन्यांची आणि निरोगी असावी, पशुवैद्यकाने मेटिंगच्या आधी तिला तपासून तसा दाखला दिलेला असावा. बारा महिन्यांत एकदाच वीण. लागोपाठच्या दोन माजांत तिला गाभण ठेवायचं नाही. उभ्या आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेळा नाही आणि आठ वर्षांनंतर अजिबात नाही. बाप-लेक, आई-मुलगा, भाऊ-बहीण यांचा क्रॉस करता येत नाही.

प्रमाणपत्र मिळाल्यावर

ते दोन वर्षं चालतं आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मुदत संपायच्या महिनाभर आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यायचा. प्रमाणपत्र येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं लावायचं. रजिस्टर ठेवायचं: कोणती मादी कधी व्याली, किती पिल्लं जगली, किती दगावली, कोणाला विकली, त्याचा पत्ता. वर्षाअखेर मंडळाला अहवाल द्यायचा.

विक्रीचेही नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. सहा महिन्यांवरचं कुत्रं नसबंदी न करता द्यायचं असेल तर ते फक्त नोंदणीकृत ब्रीडरलाच. लस आणि चिपशिवाय विक्री नाही, सही-तारखेच्या पावतीशिवायही नाही. रस्त्यावर किंवा बाजारात मांडून विकता येत नाही. नोंदणी नसलेल्या दुकानाला पिल्लं पुरवता येत नाहीत. दुकानांसाठी २०१८ चे पेट शॉप नियम आहेत, त्यांची नोंदणी याच मंडळाकडे स्वतंत्रपणे करावी लागते. दुकानातून विकल्या जाणाऱ्या मांजरी, पक्षी, ससे यांचा विचार त्या नियमांत आहे.

नोंदणीशिवाय चालणारं केनेल बंद करून कुत्री प्राणी कल्याण संस्थेकडे सोपवता येतात. दंडाची बाजू मात्र फार लंगडी आहे. मूळ कायदा १९६० चा, त्यामुळे नियम मोडल्याबद्दल जास्तीत जास्त १०० रुपये दंड किंवा तीन महिने कैद, किंवा दोन्ही. एका पिल्लाला हजारो रुपये घेणाऱ्याला १०० रुपयांची काय भीती? हा आकडा बदलण्याची मागणी कित्येक वर्षं होते आहे आणि ती रास्त आहे. तोवर धंद्याला खरा धक्का बसतो तो कुत्री ताब्यात गेल्याने आणि नोंदणी रद्द झाल्याने.

पिल्लू घेणाऱ्यांनी

आधी नोंदणी क्रमांक मागा, मग आईला बघायला मागा, तेही ती राहते त्याच जागी. 'ती गावाला आहे', 'ती चावते', 'मीच पिल्लू स्टेशनवर आणून देतो' असं उत्तर आलं की परत फिरा. वयाची खात्री तोंड उघडून करता येते: आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात आलेले असतात. पोट फुगलेलं आणि अंग बारीक असेल तर बहुधा जंत आहेत. पारव्हो या विषाणूची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस जातात, म्हणून उड्या मारणारं पिल्लू घरी आल्यावर चौथ्या दिवशी रक्ताचे जुलाब करू लागतं. दया येऊन अशा विकणाऱ्याकडचं एखादं आजारी पिल्लू विकत घेऊ नका. तुमच्या पैशांतून त्याच मादीची पुढची वीण काढली जाते.

तक्रार करायची असेल तर जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त, जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी किंवा पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. जागेचा नेमका पत्ता, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याची नोंद, पशुवैद्यकाचा अहवाल आणि शक्य असेल तर पिंजऱ्यांचे तारखेसह फोटो जोडा. तक्रारीत 'नोंदणी क्रमांक तपासावा' हे वाक्य आवर्जून लिहा. छळ सिद्ध करायला वेळ लागतो, नोंदणी नसल्याचं कार्यालयाला स्वतःच्या दप्तरातूनच कळतं.