शाब्दिक उदाहरणात लेकरू नेमकं कुठे अडतं?
आठवी ते दहावीच्या पालकांसाठी आमच्या शिकवणी वर्गाचं माहितीपत्रक

2x + 7 = 31 असं मांडून दिलं की लेकरू दोन ओळींत 12 उत्तर काढतं. तेच "एका संख्येच्या दुपटीत 7 मिळवल्यास 31 येतात" असं वाक्यात आलं की पेन थांबतो. पालकांना वाटतं गणित कच्चं आहे. बहुतेक वेळा गणित ठीकच असतं, वाक्याचं समीकरण करायला कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून संख्यांच्या उदाहरणांच्या पहिल्या आठवड्यात आम्ही एकही समीकरण सोडवून घेत नाही. फक्त मांडायचं आणि पुढच्या वाक्याकडे वळायचं. वहीत उत्तरं दिसली नाहीत म्हणून त्या आठवड्यात काळजी करू नये.

पहिली ओळ "समजा" ची. समजा x म्हणजे काय? "संख्या" एवढं उत्तर आम्ही चालवून घेत नाही. कोणती संख्या, लहान की मोठी, दशकस्थानचा अंक की पूर्ण संख्या, हे लिहायलाच लावतो. हे का, ते मोंढ्यातल्या उदाहरणावरून कळेल. "आडतीवर सोयाबीनची पोती तुरीच्या पोत्यांच्या चौपट आहेत." सोयाबीनला x आणि तुरीला y धरलं की निम्मी मुलं बेधडक 4x = y लिहितात. त्यांच्या डोक्यात "सोयाबीनची चार, तुरीचं एक" असं चित्र असतं आणि x म्हणजे त्यांना एक पोतं वाटतं. x म्हणजे पोतं नव्हे, पोत्यांची संख्या. तुरीची 10 पोती असतील तर सोयाबीनची 40. आता 4 × 40 = 10 होतं का? नाही. जे कमी आहे त्याला चारने गुणायचं, म्हणजे x = 4y. वाक्य अवघड असलं की आधी असे सोपे आकडे घालून बघायचे, ही सवय दहावीपर्यंत कामाला येते.

सेमी इंग्रजीच्या मुलांची अडचण वेगळी. "फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर" वाचलं की ती 5 − 2x लिहितात, कारण वाक्यात पाच आधी आला. मराठीत हेच "संख्येच्या दुपटीपेक्षा 5 ने कमी" असं येतं आणि शब्दांच्या क्रमानेच 2x − 5 उतरतं. त्यामुळे इंग्रजी वाक्य आधी मराठीत मोठ्याने सांगायचं, मग लिहायचं. यात कमीपणा काही नाही.

पण मराठीचेही आपले सापळे आहेत. "संख्येत 4 मिळवून येणाऱ्या बेरजेची तिप्पट" म्हणजे 3(x + 4), आणि "संख्येच्या तिपटीत 4 मिळवले" म्हणजे 3x + 4. संख्या 5 धरली तर एकीकडे 27 येतात, दुसरीकडे 19. कंसाची चूक सर्वांत जास्त इथेच होते, म्हणून तिप्पट कशाची ते शब्द अधोरेखित करायला सांगतो. दीडपट म्हणजे 3/2, सव्वापट 5/4, पाऊणपट 3/4, अडीचपट 5/2. घरी आजोबांना दिडकी, अडीचकी पाठ असतील तर त्यांच्याजवळ बसवा, आमच्यापेक्षा लवकर समजेल.

क्रमागत विषम संख्यांची गंमत बघा. विषम म्हटलं की मुलं x, x + 1, x + 3 लिहितात, कारण 1 आणि 3 विषम आहेत! पण 27 नंतरची विषम संख्या 29, म्हणजे अंतर 2 चंच. सम असो वा विषम, मांडणी x, x + 2, x + 4 हीच. तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज 87 असेल तर 3x + 6 = 87, x = 27, आणि संख्या 27, 29, 31. मधलीला x धरलं तर 3x = 87, एका ओळीत 29.

आता अंकांच्या अदलाबदलीचं उदाहरण. गुण सगळ्यात जास्त इथे जातात, म्हणून वेळही इथेच जास्त देतो.

"एका दोन अंकी संख्येत तिच्या अंकांची अदलाबदल करून येणारी संख्या मिळवली तर बेरीज 121 येते. दशकस्थानचा अंक एककस्थानच्या अंकापेक्षा 3 ने मोठा आहे. ती संख्या काढा."

पहिली चूक म्हणजे संख्या xy लिहिणे. बीजगणितात xy म्हणजे x गुणिले y. 74 मधला 7 हा सात नाही, सत्तर आहे, म्हणून संख्या 10x + y आणि उलटी 10y + x. दुसरी चूक कानाची. आपण "चौऱ्याहत्तर" म्हणतो तेव्हा चार आधी ऐकू येतो, सत्तर नंतर. सांगून घातलेल्या उदाहरणात मुलं 47 लिहून बसतात, आणि कधी कधी x, y सुद्धा असेच उलटे धरतात. त्यामुळे आम्ही दशक आणि एकक अशी दोन घरं आखून वेगवेगळ्या रंगांच्या पेनने अंक भरायला लावतो. (जुन्या गणितज्ञांनीही पहिल्या अज्ञात संख्येला यावत्-तावत् म्हणून पुढच्यांना काळक, नीलक अशी रंगांची नावं दिली होती, तेव्हा ही युक्ती आमची नव्हे.)

बेरीज केली की 11x + 11y = 121, म्हणजे x + y = 11. दुसरी अट x − y = 3. यावरून x = 7, y = 4. संख्या 74. इथे बरीच मुलं "x = 7, y = 4" लिहून उदाहरण संपवतात. विचारली होती संख्या, अंक नव्हेत. तो गुण फुकट जातो.

पालकांना एक सोय सांगतो. अशी बेरीज नेहमी 11 ने आणि वजाबाकी नेहमी 9 ने भागली जाते. जाणार नसेल तर आकडा उतरवताना चुकला आहे, उगाच अर्धा तास घालवू नका.

भागाकाराच्या वाक्यात मांडणी एकच: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. "मोठ्या संख्येला लहानने भागल्यास भागाकार 5, बाकी 2, दोघींची बेरीज 68." लहान x धरली तर मोठी 5x + 2. मुलं 5x − 2 करतात. 17 ला 3 ने भागून दाखवलं की शंका मिटते. इथे 6x + 2 = 68, लहान 11, मोठी 57.

वर्गसमीकरणात दोन उत्तरं येतात, त्यातलं कोणतं ठेवायचं ते वाक्य ठरवतं. दोन क्रमागत नैसर्गिक संख्यांचा गुणाकार 156 असेल तर x = 12 किंवा −13, आणि −13 सोडायचं. "पूर्णांक" म्हटलं असतं तर −13, −12 ही जोडीही बरोबर ठरली असती.

ताळा मात्र समीकरणात करू नये, मूळ वाक्यात करावा. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर चुकीचं उत्तरही त्यात चपखल बसतं. दहावीचा गणित भाग 1 चा पेपर 40 गुणांचा, दोन तासांचा. वाक्यात ताळा करायला अर्धं मिनिट पुरतं.

घरी शिकवायला बसू नका, फक्त "x म्हणजे कोण?" एवढं विचारत जा. प्रवेशाला येताना लेकराची कच्ची वही आणा. खोडलेल्या ओळी असतील तर अजून चांगलं, त्या खोडून नीटनेटकी वही करू नका. अडखळण्याची जागा आम्हाला त्यातूनच सापडते.