इडिटारॉड शाळेच्या वर्गात कशी पोचली

अमेरिकेत बऱ्याच प्रायमरी शाळांत मार्च जवळ आला की भिंतीवर अलास्काचा नकाशा लागतो, प्रत्येक पोरगं एकेक मशर म्हणजे कुत्र्यांची स्लेज (बर्फावरची घसरगाडी) हाकणारा निवडतं आणि मग गणित, भूगोल, वाचन सगळं इडिटारॉड ह्या अलास्कातल्या लांब पल्ल्याच्या कुत्र्यांच्या स्लेज शर्यतीभोवती फिरतं.

युनिटची सुरुवात बहुतेक वेळा 1925 च्या गोष्टीने होते. अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ, पोरं दगावायला लागलेली, डॉ. कर्टिस वेल्च यांच्याकडचं औषध जुनं झालेलं, बंदर गोठलेलं, त्या थंडीत विमान पाठवायची रिस्क कोणी घेईना. शेवटी सीरम म्हणजे घटसर्पावरचं औषध ट्रेनने नेनानापर्यंत आणलं आणि पुढचे 674 मैल 20 मशर आणि सुमारे 150 कुत्र्यांनी हातोहात साडेपाच दिवसांत पार केले, 2 फेब्रुवारीला औषध नोममध्ये. शेवटचा टप्पा बाल्टो ह्या कुत्र्याच्या टीमने केला म्हणून त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याचा पुतळा उभा राहिला, पण सगळ्यात लांब आणि जीवघेणा टप्पा, तोही नॉर्टन साउंडच्या गोठलेल्या समुद्रावरून, मशर लिओनहार्ड सेपालाच्या टोगो ह्या कुत्र्याने केला होता, वय 12 वर्षं! वर्गात टोगोला अजूनही बाल्टोइतका भाव मिळत नाही, हे मला तरी खटकतं.

आणि खरं सांगायचं तर शर्यत काही ह्या सीरमच्या आठवणीसाठी सुरू झालेली नाही, शिकवताना दोन्ही गोष्टींची सर्रास खिचडी होते. 60 च्या दशकात गावोगावी स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरच्या मोटारी आल्या आणि घरासमोरची स्लेजची कुत्री दिसेनाशी व्हायला लागली. अलास्का अमेरिकेने विकत घेतल्याला 1967 ला 100 वर्षं झाली तेव्हा डोरोथी पेज यांच्या कल्पनेतून जुन्या इडिटारॉड वाटेवर छोटी शर्यत झाली, आणि मशर जो रेडिंग्टन यांनी 1973 ला ती थेट नोमपर्यंत नेली. 34 टीम निघाल्या, 22 पोचल्या, जिंकणाऱ्याला 20 दिवस लागले आणि शेवटच्याला 32. शेवटी येणाऱ्याला लाल कंदील देतात, पोरांना तर विजेत्यापेक्षा ह्या कंदिलाचंच जास्त कौतुक.

1999 पासून शर्यतीसोबत एक शिक्षक पाठवायला सुरुवात झाली, चेकपॉइंट ते चेकपॉइंट छोट्या विमानाने जायचं आणि तिथूनच वर्गांसाठी धडे पाठवायचे. पुढे स्लेजवर जीपीएस आलं, मग काय, पोरं आपापल्या मशरला स्क्रीनवरच पकडून बसायला लागली.

पण गणिताच्या बाईंना आयता मिळालेला माल म्हणजे शर्यतीचे नियम. टीम दोन-दोन मिनिटांनी सुटतात, म्हणजे 40 टीम असतील तर पहिली आणि शेवटची यांच्यात 78 मिनिटांचा फरक. तो फरक सक्तीच्या 24 तासांच्या मुक्कामात भरून काढतात, पहिली सुटलेली टीम 24 तास अधिक 78 मिनिटं थांबते, शेवटची फक्त 24 तास. वजाबाकी कशाला शिकायची हा प्रश्न इथे कोणी विचारत नाही. वर एकेका कुत्र्याला दिवसाला 10,000 च्या आसपास कॅलरी लागतात, त्याचाही हिशोब असतोच.

कुत्र्यांच्या मृत्यूंवरून प्राणीहक्कवाल्यांची टीका बरीच जुनी आहे, काही मोठे स्पॉन्सर त्यानंतर बाजूला झाले. युनिटमध्ये पशुवैद्यांची तपासणी आणि पायातले बूट असं सगळं दाखवतात पण हा वाद गाळतात. चौथी-पाचवीच्या पोरांना तो पेलेल की, घ्यायलाच हवा. तसंच हवामानाचं, बर्फ कमी पडल्यामुळे 2003, 2015, 2017 आणि 2025 ला समारंभापुरत्या सुरुवातीनंतरची खरी सुरुवात अलास्कातल्याच फेअरबँक्स शहरात हलवावी लागली, 2025 चा मार्ग तर 1,100 मैलांच्या वर गेला, म्हणजे नेहमीच्या मार्गाचे नकाशे त्या वर्षी बाजूलाच ठेवायचे.