पंधरा रुपयांचे निवृत्तिवेतन

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेचे अधिवेशन भरले होते. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर भाषणासाठी उपस्थित होते. समोर वीस-पंचवीस हजार स्त्रियांचा समुदाय बसला होता. या अधिवेशनातील बाबासाहेबांचे भाषण पुष्कळांना ठाऊक असते, कारण समाजाच्या प्रगतीचे माप स्त्रियांच्या प्रगतीवरून घेण्याचा त्यांचा विचार तेथे मांडला गेला. त्याच दिवशी संमत झालेल्या एका ठरावाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथे काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा आणि एक महिन्याची हक्काची रजा मिळावी, कामावर इजा झाल्यास पुरेशी भरपाई मिळावी आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर महिना किमान १५ रुपये निवृत्तिवेतन मिळावे, अशी मागणी त्या ठरावाने सरकारकडे केली होती.

या ठरावात विश्रांती, शरीर आणि म्हातारपण या तिन्ही गोष्टी एका दमात मागितल्या आहेत, आणि मला तीच त्याची सर्वांत मोलाची बाजू वाटते. अतिश्रमाने शरीर झिजते, झिजलेले शरीर लवकर म्हातारे होते आणि म्हातारपणी हाती काही नसेल तर पुन्हा कष्टालाच जुंपावे लागते, हे त्या स्त्रियांना कोणी शिकवावे लागले नव्हते. ज्यांनी आयुष्यभर ओझी वाहिली, त्यांच्यातूनच ही चळवळ उभी राहिली होती. उमरेडच्या जाईबाई चौधरी यांनी नागपुरात हमालीची कामे केली आणि १९२२ मध्ये येथेच मुलींसाठी चोखामेळा कन्या पाठशाळा काढली, ही हकीकत या शहराच्या इतिहासात नोंदलेली आहे.

मराठीत गिरणीच्या कामाच्या वेळेला पाळी म्हणतात आणि मासिक धर्मालाही पाळीच म्हणतात. नोकरी संपते तेव्हा सेवानिवृत्ती होते आणि पाळी थांबते तेव्हा रजोनिवृत्ती. बोलण्यात जे शब्द इतके जवळ आले, ते ज्या गोष्टींविषयी बोलतात त्या कामगार कायद्यात क्वचितच एकमेकींजवळ आल्या. कायद्याने कष्टकरी स्त्रीकडे पाहिले ते मुख्यतः तिच्या मूल होण्याच्या वयात. त्यानंतरची तिची वीस-तीस वर्षे त्याच्या नजरेत आली ती फार उशिरा आणि तीही तुटकपणे. हे असे का झाले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

नागपुरातील आधुनिक कारखानदारीची सुरुवात १ जानेवारी १८७७ रोजी झाली. राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले त्या दिवशीच जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली, म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल पडले. रेल्वे स्थानक जवळ, वऱ्हाडचा कापूस हाताशी, आणि गिरणीच्या कापडाने ज्यांचा धंदा मोडत आणला होता ते कोष्टी विणकर मजुरीसाठी उपलब्ध, अशी ती जागा होती. हातमागाच्या काळात कोष्ट्याच्या घरातील बायका कांड्या भरत आणि ताण्याच्या तयारीतील पुष्कळशी कामे करत, परंतु माग पुरुषाच्या नावाचा असल्यामुळे ते काम वेगळे मोजले जात नव्हते. गिरणीत रिळे गुंडाळण्याच्या आणि सूत भरण्याच्या खात्यांत स्त्रिया लागल्या तेव्हा त्यांच्या श्रमाला पहिल्यांदा स्वतंत्र मजुरी मिळाली. एम्प्रेस मिलचे नाव कामगार कल्याणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. कोणताही कायदा सांगत नसताना १८८६ मध्ये तेथे निवृत्तिवेतन निधी सुरू झाला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देण्याची सोय झाली आणि १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी आला. म्हणजे १९४२ ची मागणी करणाऱ्या स्त्रियांसमोर त्यांच्याच शहरातील एक उदाहरण होते. एका गिरणीने स्वखुशीने जे केले, ते विडी कारखान्यातील, नगरपालिकेतील आणि रेल्वेतील बाईला हक्काने मिळावे, एवढेच त्या मागत होत्या.

कायद्याची वाट निराळीच होती. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. स्त्रिया त्यात आल्या १८९१ मध्ये: दिवसाला अकरा तास, मध्ये दीड तास विश्रांती आणि रात्रीच्या कामाला मज्जाव. या कायद्यामागे लँकशायरच्या गिरणीमालकांचा रेटा होता, कारण हिंदी गिरण्यांतील स्वस्त आणि लांबलचक श्रमदिवस त्यांना स्पर्धेत खुपत होता. पण दुसरा रेटा येथलाही होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी साप्ताहिक सुट्टीसाठी एप्रिल १८९० मध्ये मुंबईत भरवलेल्या कामगारांच्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली होती. पुढे १९२२ मध्ये सर्व प्रौढ कामगारांसाठी आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ तास आणि १९४६ मध्ये ४८ तास अशी मर्यादा उतरत गेली. ही शेवटची दुरुस्ती बाबासाहेबांनी मजूर खात्याचे सदस्य म्हणून मांडली होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील त्या पदाची सूत्रे त्यांनी नागपूरचे अधिवेशन झाले त्याच महिन्यात हाती घेतली होती.

प्रसूतीच्या बाबतीत मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये आणि नागपूर ज्याची राजधानी होते त्या मध्य प्रांताने १९३० मध्ये कायदा केला. बाळंतपणाची रजा आणि भत्ता ही मोठी मिळकत होती, यात शंका नाही. तरीही या काळातील सगळे संरक्षण एकत्र ठेवून पाहिले तर त्यातून एक ठरावीक स्त्री दिसते: तरुण, मूल होणारी आणि रात्री घरी असलेली. १९४८ च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत स्त्रियांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि स्त्रियांची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पाळणाघर बंधनकारक केले. गिरण्यांत तीन पाळ्या आणि सुधारित यंत्रे येत होती, त्याच काळात हा खर्च आणि ही बंधने मालकांना नकोशी होऊ लागली. वयाने मोठी झालेली बाई निवृत्त झाली की तिच्या जागी पुरुष घ्यायचा, अशा रीतीने देशभरच्या कापड गिरण्यांतून स्त्रियांची संख्या हळूहळू उतरत गेली. बायकांना काढून टाकल्याची आरडाओरड क्वचितच झाली, कारण बहुतेक ठिकाणी त्यांची भरतीच थांबली होती.

संरक्षण किती लवचीक असू शकते, हे खाणींनी दाखवले. स्त्रियांना जमिनीखालच्या कामातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढण्याचे नियम १९२९ मध्ये झाले आणि १९३७ पर्यंत ही बंदी पूर्ण झाली. युद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये ती उठवण्यात आली. मजूर खात्याचे सदस्य म्हणून या निर्णयाचे समर्थन बाबासाहेबांनाच सभागृहात करावे लागले आणि ते त्यांनी तात्पुरता उपाय म्हणूनच केले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये बंदी परत आली. बाईच्या प्रकृतीची काळजी म्हणून जे सांगितले जात होते, ते मजुरांच्या गरजेप्रमाणे चढत-उतरत होते, हे या नोंदींवरून उघड दिसते.

गिरणीच्या बाहेर, ठरावातले दुसरे नाव होते विडी कारखान्यांचे. भंडारा-गोंदियाच्या जंगलातील तेंदूपत्ता, नागपूर-कामठीच्या वस्त्यांतील बायका आणि ठेकेदार या तिघांवर हा धंदा उभा राहिला. सूप मांडीवर घेऊन दिवसभर मान खाली घालून हजार विड्या वळायच्या, वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी सोडायची, आणि हे सारे स्वयंपाक, पाणी, पोरेबाळे सांभाळून करायचे. कामाचे ठिकाण घरच असल्यामुळे कामाचे तास कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, हे कोणालाच सांगता येत नव्हते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या कामगारांना आपल्या कक्षेत घेतले, १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा आला, आणि घरी विड्या वळणारी बाईही भविष्य निर्वाह निधीची हक्कदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे मोहन पार्कातील ठरावानंतर त्रेचाळीस वर्षांनी! तोपर्यंत १९४२ मधील पंचविशीची बाई सत्तरीच्या उंबरठ्यावर आली होती. शिवाय हा हक्क ठेकेदाराच्या वहीत जिचे नाव लागले तिलाच होता.

मधल्या काळात म्हातारपणाच्या उत्पन्नाची जी व्यवस्था उभी राहिली, ती नोकरदार पुरुषाला मध्यभागी ठेवून. १९५२ च्या कायद्याने कारखान्यांत भविष्य निर्वाह निधी आला, १९६४ मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी कुटुंब निवृत्तिवेतन आले आणि १९७१ मध्ये खासगी कामगारांसाठीही तशी योजना आली. या सोयींनी असंख्य विधवांचे म्हातारपण सावरले आहे आणि त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्यातून एक सवय पडली: बाईला म्हातारपणी मिळणारे पैसे म्हणजे नवऱ्याच्या नोकरीचे पैसे. तिने स्वतः चाळीस वर्षे केलेल्या श्रमाची नोंद कोठेच नसली तरी चालते, असे या सवयीने गृहीत धरले.

नोकरीत असलेल्या बाईचे वय तर वेगळ्याच मापाने मोजले गेले. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना ३५ व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास तेव्हा, किंवा पहिल्या गरोदरपणी निवृत्त करण्याचा नियम होता. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील गरोदरपणाची अट रद्द केली, परंतु लग्नाची आणि वयाची अट तेव्हा टिकली. पुरुषाच्या बाबतीत वय म्हणजे अनुभव, आणि बाईच्या बाबतीत वय म्हणजे उणीव, ही समजूत इतक्या उघडपणे नियमात लिहिलेली क्वचितच सापडते.

१९८८ च्या श्रमशक्ती अहवालाने, ज्याच्या आयोगाच्या अध्यक्ष इला भट्ट होत्या, असंघटित क्षेत्रातील आणि स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांचे काम एकत्र पाहिले आणि घरातील विनामोबदला श्रमही काम म्हणूनच मोजले पाहिजेत, असा आग्रह धरला. नागपुरात डॉ. रूपा कुलकर्णी यांनी विदर्भ मोलकरीण संघटना बांधली, ती त्याच्याही आधी. धुणीभांडी करणाऱ्या बाईला साप्ताहिक सुट्टी हवी, आजारपणात मजुरी कापली जाऊ नये, या मागण्या ऐकल्या की १९४२ च्या ठरावातील शब्द पुन्हा कानी पडतात. २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यानुसार नोंदणी १८ ते ६० या वयातच होते, आणि पुढे ५५ वर्षे पूर्ण झालेल्या नोंदित बाईला १०,००० रुपये एकरकमी सन्मानधन देण्याची योजना आली. एकदाच मिळणारे दहा हजार रुपये आणि दरमहा मिळणारे निवृत्तिवेतन यांतील अंतर किती, हे साठीच्या पुढेही दुसऱ्याच्या घरी ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईला विचारावे. तिचे गुडघे आणि कंबर यांची झीज कोणत्याही भरपाईच्या कलमात बसत नाही, कारण ती एका दिवसाच्या अपघाताने झालेली नसते.

सरकार स्वतः जेव्हा मालक असते तेव्हाही चित्र फार वेगळे नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी सेविकेला पगाराऐवजी मानधन मिळू लागले, कारण ती मानसेवी कार्यकर्ती ठरली. उपदानाचा म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ पासून असूनही या सेविका त्याच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. पहिल्या पिढीतील कितीतरी सेविकांचे काम तोवर संपले होते.

आज नागपूरची कामकरी बाई हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत असते, मिहानमधील संगणकापुढे असते, रुग्णालयात असते, दुकानात असते. तिच्या कामाचे तास पुन्हा चर्चेत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा आणि कामगाराची संमती या अटी कायम ठेवल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता अमलात आल्या आणि स्त्रियांना त्यांच्या संमतीने रात्रपाळी करता येईल, अशी तरतूद झाली. १८९१ पासून चालत आलेली रात्रीची बंदी सैल होणे हे समतेच्या दिशेने पडलेले पाऊल आहे, असे मी मानतो. परंतु बारा तासांचा दिवस हा बाईच्या बाबतीत बारा तासांचा राहत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांचा वेळ दहा मिनिटांनी कमी झाला खरा, पण पुरुषांचाही नऊ मिनिटांनी घटला, म्हणजे दोघांतील अंतर जवळजवळ तेथेच राहिले. हे पावणेपाच-पाच तास कोणत्याही संहितेतील जादा कामाच्या व्याख्येत येत नाहीत. पंचेचाळीस-पन्नाशीतल्या बाईवर त्यात सासू-सासऱ्यांच्या आजारपणाची सेवा चढते, आणि नेमक्या त्याच वर्षांत तिचे स्वतःचे शरीर रजोनिवृत्तीतून जात असते. प्रसूतीची रजा २०१७ मध्ये १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. या दुसऱ्या टप्प्यासाठी कामगार कायद्यात अजून शब्दच नाही.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. गांधीसागर तलावाजवळच्या त्या जागेवर आता एम्प्रेस सिटी मॉल उभा आहे. कामगारांच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये ठरलेली आहे. मॉलच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलींना त्यांच्या नावाचा भविष्य निर्वाह निधी भरला जात असेल आणि दहा वर्षांची नोंद साधली, तर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच योजनेतून निवृत्तिवेतन मिळेल.